तिबेटी निर्वासितांची ओळख आणि समाजमाध्यमे

सन १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले व त्यांच्या मागोमाग हजारो तिबेटी बांधव निर्वासित झाले. आपल्या गोंदिया जिल्ह्यातही गोठणगावजवळ त्यांची नोर्ग्येलिंग ही वसाहत आहे. हिवाळ्यात स्वेटर विकणारे तिबेटी आपण सर्वांनीच पाहिले आहेत. पण भाव करण्यापलीकडे आपण त्यांची विचारपूस सहसा करीत नाही. ज्यांनी तिबेट कधी पाहिलाच नाही, अशी त्यांची दुसरी-तिसरी पिढी आज भारत, नेपाळ, अमेरिका, स्वित्झर्लंड येथे वाढली आहे. या मुलांना आपले तिबेटीपण कशातून कळावे?

पूर्वी घर, वसाहतीतील शाळा आणि मठ हे त्याचे उत्तर होते. आता मोबाईलची भर पडली आहे. २००८ च्या तिबेटमधील आंदोलनानंतर 'ल्हाकर' म्हणजे 'शुभ्र बुधवार' ही चळवळ रुजली. बुधवार हा दलाई लामांचा वार मानतात. त्या दिवशी 'छुपा' हा तिबेटी पोशाख घालायचा, भेसळ न करता तिबेटी बोलायचे. परदेशातील तरुण त्याची छायाचित्रे फेसबुकवर टाकू लागले. वरवर पाहता ही हौस वाटेल. परंतु परक्या शहरात एकट्याने छुपा घालून कॉलेजात जाणे सोपे नाही. दूरच्या दहा जणांनी तो घातलेला दिसला की धीर येतो, असे आम्हांस वाटते.

खुद्द तिबेटात मात्र २००९ पासून फेसबुक बंद आहे. त्यामुळे तिकडच्या नातलगांशी बोलण्यास वुईचॅट हे चिनी अ‍ॅपच उरले. लिहिता न येणाऱ्या म्हाताऱ्या आईलाही त्यावर आवाज पाठविता येई. अर्थात चिनी सरकारची नजर असल्याने बोलणे प्रकृती आणि हवापाणी एवढ्यावरच आटोपते घ्यावे लागे. जून २०२० मध्ये भारत सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत वुईचॅटही होते. सीमेवरील संघर्ष पाहता बंदीचे कारण समजण्यासारखे आहे; पण वसाहतींतील अनेक घरांचा तो धागा तुटला.

भाषेचा प्रश्न याहून बिकट. तिबेटी बोलणारे अनेक तरुण मोबाईलवर ती रोमन अक्षरांत लिहितात. (आपली मुले मराठीचे तेच करतात.) तिकडे तिबेटात ताशी वांगचुक या दुकानदाराने मुलांना मातृभाषेतून शिक्षण मिळावे, ही मागणी २०१५ साली एका अमेरिकी वृत्तपत्राच्या चित्रफितीत केली. निर्वासितांनी ती चित्रफीत जगभर पसरविली. जानेवारी २०१६ मध्ये त्यांना अटक झाली, फुटीरतेला चिथावणी दिल्याच्या आरोपाखाली पाच वर्षांची शिक्षा झाली, आणि ती पूर्ण भोगून ते जानेवारी २०२१ मध्ये सुटले.