पहिली कादंबरी आणि तिचा जामीन

नवोदित कादंबरीकाराला प्रकाशकाच्या दारी बहुधा कुणाची तरी हमी लागते, आणि त्या हमीचा ठसा ग्रंथावर उमटतो. १९३५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन भारतीय इंग्रजी कादंबऱ्या याची साक्ष देतात. मुल्कराज आनंद यांची 'अन्टचेबल' १९ प्रकाशकांनी नाकारली. विसाव्याने ती स्वीकारली, ती ई. एम. फॉर्स्टर यांनी प्रस्तावना लिहावी या अटीवर. आर. के. नारायण यांच्या 'स्वामी अँड फ्रेंड्स'ला ग्रॅहम ग्रीन यांनी प्रकाशक मिळवून दिला. त्यांच्याच सूचनेवरून कादंबरीचे शीर्षक बदलले आणि लेखकाचे नावही आखूड झाले.

मराठीत हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' १८८५ पासून 'पुणे वैभव' पत्रातून क्रमशः येऊ लागली. तेथे लेखकाला वाचकापर्यंत नेले ते स्वभाषेतील नियतकालिकाने.

म्हणूनच प्रस्तावना, शीर्षक आणि लेखकनाम ही केवळ बाह्यांगे मानता येत नाहीत. बखा या सफाई करणाऱ्या अस्पृश्य तरुणाची कथा छापली जाण्यासाठीही एका प्रतिष्ठित इंग्रज लेखकाची ग्वाही लागली. हा विषम व्यवहार तौलनिक अभ्यासकाने संहितेचाच भाग म्हणून वाचला पाहिजे.