विश्लेषण : थंडीत केळी काळी का पडतात? पेशीपटलातील मेदाम्लांचा काय संबंध?

जानेवारीत उत्तर महाराष्ट्रात पारा १० अंशांखाली उतरला, की गहू-हरभऱ्याचा शेतकरी सुखावतो. त्याच गावातला केळी उत्पादक मात्र धास्तावतो. जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल पट्ट्यात अशा रात्री लागोपाठ आल्या, तर पाने पिवळी पडतात, घडाची वाढ रखडते, सालीखाली तपकिरी रेषा उमटतात आणि मालाला भाव कमी मिळतो. रात्र तीच, जमीनही तीच. मग एका पिकाला थंडी मानवते आणि दुसऱ्याला का बाधते? याचे एक महत्त्वाचे कारण पेशीभोवतीच्या पातळ पटलात, त्यातील मेदाम्लांत आहे.

पेशीपटल म्हणजे काय?

प्रत्येक सजीव पेशीभोवती सुमारे ५ नॅनोमीटर जाडीचे पटल असते. पेशीच्या आतील कप्प्यांनाही अशीच पटले असतात. ती मुख्यत: फॉस्फोलिपिड या रेणूंच्या दुहेरी थराची बनलेली असतात. या रेणूला पाण्याकडे ओढले जाणारे एक डोके आणि पाण्यापासून दूर पळणाऱ्या दोन शेपट्या असतात. या शेपट्या म्हणजेच मेदाम्लांच्या साखळ्या. दोन्ही थरांच्या शेपट्या आतल्या बाजूला एकमेकींसमोर येतात आणि पाण्याला अडवणारी भिंत तयार होते. ही भिंत विटांसारखी घट्ट नसते, तेलासारखी प्रवाही असते. तिच्यातील प्रथिने हलू-वळू शकतात म्हणूनच पेशीत क्षार, शर्करा आणि संदेश यांची ने-आण सुरळीत चालते.

मेदाम्लांमुळे काय फरक पडतो?

याचे उत्तर स्वयंपाकघरातही दिसते. हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत गोठते; करडईचे तेल मात्र पातळच राहते. खोबरेलात संपृक्त मेदाम्ले जास्त असतात. त्यांच्या साखळ्या सरळ असल्याने एकमेकींना चिकटून बसतात. करडईच्या तेलात असंपृक्त मेदाम्ले अधिक. त्यांच्या साखळीत एक किंवा अधिक दुहेरी बंध असतात आणि तिथे साखळीला बाक येतो. सरळ काटक्यांची मोळी घट्ट बांधली जाते. वाकड्या फांद्यांची मोळी कितीही आवळली तरी पोकळच राहते. तसेच हे आहे.

पटलातही हाच नियम लागू पडतो. १८ कार्बनच्या दोन्ही शेपट्या संपृक्त (स्टिअरिक आम्ल) असलेल्या एका नेहमीच्या फॉस्फोलिपिडचे पटल सुमारे ५५ अंश सेल्सिअसखाली घट्ट होते. त्याच लांबीच्या शेपट्यांत प्रत्येकी एकच दुहेरी बंध (ओलेइक आम्ल) आला, की हे तापमान थेट उणे १७ अंशांच्या आसपास जाते. साखळीची लांबीही महत्त्वाची. १६ कार्बनच्या संपृक्त शेपट्या असतील, तर हा आकडा ४१ अंशांवर येतो. साखळी जितकी आखूड आणि दुहेरी बंध जितके अधिक, तितके पटल थंडीतही प्रवाही राहते. खऱ्या पेशीत मात्र अनेक प्रकारचे रेणू मिसळलेले असल्याने हा बदल एका आकड्यावर न होता टप्प्याटप्प्याने होतो.

केळीत नेमके काय बिघडते?

केळी हे मूळचे उष्ण प्रदेशातील पीक. तापमान साधारण १३ अंशांखाली गेले, की फळाला इजा होऊ लागते. या तापमानाला पाणी गोठत नाही, म्हणजे ही बर्फाने झालेली इजा नव्हे. पटलाचे काही भाग ताठर होतात, ताठर आणि प्रवाही भागांच्या सीमेवर गळती सुरू होते आणि प्रथिनांचे कामही मंदावते. सालीच्या पेशींत फिनॉल वर्गातील संयुगे एका कप्प्यात आणि त्यांना काळे करणारे विकर दुसऱ्या कप्प्यात असते. पटल गळू लागले, की दोघांची गाठ पडते आणि साल काळवंडते. घरातील फ्रिजमध्ये ठेवलेली केळी काळी पडतात, ती याच कारणाने.

गव्हाला थंडी का मानवते?

थंडी हळूहळू वाढू लागली, की गव्हासारखी पिके पटलातील मेदाम्लांची रचना बदलू लागतात. डिसॅच्युरेज नावाची विकरे साखळ्यांत नवे दुहेरी बंध तयार करतात आणि पटल पुन्हा मऊ होते. हे कौशल्य वनस्पतींपुरतेच नाही. ई. कोलाय हे जिवाणू वेगवेगळ्या तापमानांत वाढवले असता मेदाम्ले बदलून पटलाचा दाटपणा जवळपास कायम राखतात, हे मायकेल सिनेन्स्की यांनी १९७४ मध्ये दाखवले.

वनस्पतींबाबत पुरावा काय?

अमेरिकेतील जे. एम. लायन्स आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये पेशीतील मायटोकाँड्रियांच्या पटलांची तुलना केली. थंडी सोसणाऱ्या फुलकोबी, सलगममध्ये असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाण जास्त आढळले. थंडीने बिघडणाऱ्या रताळे, टोमॅटोत ते कमी होते. पुढे १९९२ मध्ये जपानच्या नोरिओ मुराता यांच्या गटाने तंबाखूच्या रोपात जनुक घालून हरितलवकाच्या पटलातील एका मेदाची असंपृक्तता बदलली. ती घटली तेव्हा रोपे थंडीला अधिक बळी पडली. वाढली तेव्हा अधिक तग धरू लागली. अर्थात मेदाम्ले हे एकमेव कारण नाही. थंडीत पेशीत साचणारी ऑक्सिजनची घातक रूपेही नुकसान वाढवतात.

मग उपाय काय?

बागेतील केळीची मेदाम्ले बदलणे शेतकऱ्याच्या हाती नाही. पटल ताठरण्याइतकी थंडी घडापर्यंत पोहोचू न देणे मात्र काही अंशी शक्य आहे. थंडीच्या रात्री पाणी देणे, बागेच्या कडेला वारा अडवणारी झाडे लावणे, घड पिशव्यांनी झाकणे, पहाटे पालापाचोळ्याचा धूर करणे या सर्व सल्ल्यांमागे हेच सूत्र आहे. निर्यातीची केळी १३ ते १४ अंशांवरच पाठवतात, तेही यामुळेच. त्याहून थंड ठेवली तर ती जास्त टिकण्याऐवजी खराब होतात.

ग्राहकांसाठीही एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कच्ची केळी फ्रिजमध्ये ठेवू नयेत. नंतर बाहेर काढली तरी ती नीट पिकत नाहीत. पूर्ण पिकलेली केळी ठेवली आणि साल काळी पडली, तर आतला गर बहुधा चांगलाच असतो. केवळ साल पाहून ते फेकून देण्याचे कारण नाही.