देवीच्या वाटेवरील चित्रें

सिनेमा, मालिका आणि हातांतील मोबाइल यांपुढें मुलांस चांगल्या चित्राची गोडी लावावी कशी, ही चिंता आज घरोघर ऐकूं येते. त्यावर उपदेशाचा काढा पाजण्यापेक्षां सातारा जिल्ह्यांतील औंधास एकवार सहकुटुंब जाऊन यावें, असें आम्हांस वाटतें.

औंधचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे स्वतः चित्रकार. आपल्या संग्रहासाठीं त्यांनीं १९३८ सालीं संग्रहालय उभारलें, तें राजवाड्याच्या देवडीआड नव्हे, तर यमाईच्या डोंगरावर, मूळपीठाच्या वाटेवर. यांतच सारी खुबी आहे. नारळ घेऊन निघालेला शेतकरी काय किंवा लेकुरवाळी सासुरवाशीण काय, चित्रें पाहण्याचा संकल्प सोडून कोणी घराबाहेर पडत नाहीं. देवीस जातां-येतां हीं माणसें राजा रविवर्मा यांच्या मूळ चित्रांपुढें येऊन उभीं राहतात.

रविवर्मा यांनीं हेंच निराळ्या रीतीनें साधलें होतें. १८९४ सालीं मुंबईस छापखाना काढून त्यांनीं लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोंचविल्या. (तो छापखाना पुढें मळवलीस गेला व अखेर एका जर्मन तंत्रज्ञाच्या हातीं पडला.) पण रोज डोळ्यांपुढें असणारें चित्र हळूहळू दिसेनासें होतें. आमच्या माजघरांतील लक्ष्मीचें लुगडें कोणत्या रंगाचें, यावर औंधच्या वाटेवर आमच्यांत एकमत होईना!

गेल्या हिवाळ्यांतील ही गोष्ट. आरंभीं मुलांचें चित्त मोबाइलांतच. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराच्या ‘आई व मूल’ या दगडी शिल्पापाशीं मात्र सातवींतील पुतणी थबकली.

“आजी, ही आई अशी कशी गं?”

आम्ही व्याख्यानाच्या तयारींत होतों. मातोश्रींनीं मूर यांचें नांवहि कधीं ऐकलेलें नव्हतें. त्या बराच वेळ पाहात राहिल्या, मग म्हणाल्या, “तूं तान्ही असतांना तुला घेऊन बसलें, कीं माझे हात कोठें संपतात नि तूं कोठें सुरू होतेस, तें मलाहि कळत नसे.”

दोघी तेथेंच उभ्या राहिल्या. आमचें व्याख्यान तोंडांतच राहिलें, आणि परतीची बस चुकली ती निराळीच.

घरीं आल्यावर पुतणीनें माजघरांतील लक्ष्मी खालीं उतरवून कांच पुसली. लुगडें गुलाबी निघालें. तें पूर्वीं हिरवें होतें, असा मातोश्रींचा आग्रह अजून कायम आहे.