उंचावर रक्त गोठतं तेव्हा

हडपसरहून सोलापूर रस्त्याने कॅम्पाकडे निघालं की वानवडीत एएफएमसी, म्हणजे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय लागतं. 1948 साली सुरू झालेल्या या संस्थेत शिकलेले डॉक्टर पुढे लडाख-सियाचीनच्या बाजूलाही जातात. साधारण 560 मीटर उंचीवरच्या पुण्यात क्वचित दिसणारा रुग्ण तिथं त्यांच्यापुढे येतो: पंचविशीतला धडधाकट जवान, आणि त्याच्या पायाच्या, फुप्फुसाच्या, कधी मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी.

भारतीय लष्करी डॉक्टरांनी 2001 मध्ये नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडियात आपली निरीक्षणं मांडली. अतिउंचीवर दीर्घ मुक्काम केलेल्यांना गुठळीचा धोका सखल भागातल्यांपेक्षा सुमारे 30 पट आढळला.

विरळ हवेत ऑक्सिजन कमी मिळतो. मग मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन जास्त सोडतात, तांबड्या पेशी वाढतात आणि काही आठवड्यांत रक्त दाट होतं. त्यात हवा कोरडी, धापेबरोबर शरीरातलं पाणी उडून जातं, आणि थंडीत तहान लागत नाही. हिमवादळ सुरू झालं की चौकीत दिवसेंदिवस बसून राहावं लागतं. पायातलं रक्त वर ढकलणारे पोटरीचे स्नायूच थंडावतात.

1953 साली के-टू शिखरावर आर्ट गिल्की या अमेरिकन गिर्यारोहकाचं असंच झालं. सुमारे 25,000 फुटांवर वादळात तंबूत कित्येक दिवस अडकल्यावर त्याची पोटरी दुखू लागली. मोहिमेचा नेता चार्ल्स ह्यूस्टन स्वतः डॉक्टर. त्यानं गुठळी ओळखली. पुढे खोकला सुरू झाला, गुठळी फुप्फुसापर्यंत पोचल्याची ती खूण होती. साथीदारांनी त्याला खाली उतरवायला घेतलं, पण तो वाचला नाही.

खरी भीती वाटते ती ओळख चुकण्याची. फुप्फुसात गुठळी गेली तर धाप लागते, मेंदूत झाली तर डोकं दुखतं, आणि उंचावर धाप नि डोकेदुखी कुणाला होत नाही? म्हणून एकाच पायाला सूज, एकाच पोटरीत कळ, श्वास घेताना छातीत टोचणं किंवा खोकल्यातून रक्त दिसलं, तर ‘हवामानाचा त्रास’ म्हणून सोडून देऊ नये.

आठवडाभर लेहला जाणाऱ्या हडपसरच्या कुटुंबानं घाबरून सहल रद्द करण्याचं कारण नाही. लेह 3,500 मीटरवर असलं तरी मुक्काम छोटा असतो. पूर्वी गुठळी झालेल्यांनी, नुकतंच मोठं ऑपरेशन झालेल्यांनी, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांनी मात्र तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारावं. आणि अनेकांच्या बॅगेत असणारी डायमॉक्सची गोळी उंचीशी जुळवून घ्यायला मदत करते. गुठळीवर ती इलाज नाही.