डी अँड डी कॅम्पेन प्लॅन करताय? मॉन्स्टरची यादी नको, साखळी बनवा!

कॉलेज संपल्यावर आमचा पाच जणांचा ग्रुप नोकरीमुळे वेगवेगळ्या शहरांत पांगला. दर शनिवारी रात्री भेटायला निमित्त हवं, म्हणून व्हिडिओ कॉलवर ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ म्हणजेच डी अँड डी सुरू केलं. डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी होतो. मी हौसेने 14 मॉन्स्टरची यादी बनवली आणि एकामागून एक समोर सोडत गेलो. तिसऱ्या सेशनला एक मित्र म्हणाला, “परत तेच? मी तलवार मारतो, चल पुढे.” चौथं सेशन झालंच नाही आणि शनिवारचा कॉलही बंद पडला.

चूक नेमकी कुठे झाली हे मला नंतर कळलं. तुमची होऊ नये म्हणून हा लेख.

आधी थोडक्यात: हा गेम काय आहे?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये अमेरिकेत आणलेला हा गेम. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो, डन्जन मास्टर जग आणि शत्रू सांभाळतो आणि निकाल 20 बाजूंचा फासा ठरवतो. अनेक सेशन चालणाऱ्या मोठ्या गोष्टीला कॅम्पेन म्हणतात.

प्रत्येक मॉन्स्टरचा एक ‘स्टॅट ब्लॉक’ असतो. त्याचा जीव किती (एचपी), त्याला फटका लागणं किती कठीण (आर्मर क्लास), खास ताकद कोणती, हे सगळं त्यात असतं. पुस्तक विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम ‘एसआरडी 5.1’ नावाच्या पीडीएफमध्ये फुकट मिळतात. 2023 पासून ते क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली आहेत. त्यात भरपूर मॉन्स्टर आहेत आणि फोनवर आरामात वाचता येतात. खालचे सगळे आकडे तिथलेच किंवा 2014 च्या नियमांतले आहेत.

पायरी 1: प्रत्येक मॉन्स्टरने वेगळा प्रश्न विचारला पाहिजे

आम्ही सॉफ्टवेअरवाले टेस्ट केस लिहितो तेव्हा एकच गोष्ट दहा वेळा तपासत नाही. इथेही तेच. माझ्या यादीत 14 नावं होती, पण प्रश्न एकच होता: “जोरात मारता येतं का?” आता हे बघा:

- गॉब्लिन: एचपी फक्त 7. पण तो वार करून त्याच टर्नमध्ये लपू शकतो. प्रश्न: दिसतच नाही त्याला मारणार कसं?
- लांडगा: सोबती शेजारी असला की त्याचा नेम जास्त लागतो. प्रश्न: कळप फोडायचा कसा?
- स्केलेटन: गदा-हातोड्याचा मार त्याला दुप्पट लागतो. प्रश्न: आवडती तलवार बाजूला ठेवाल का?
- रस्ट मॉन्स्टर: लोखंड गंजवतो. एचपी फक्त 27, तरी चिलखतवाला योद्धा त्याला बघून पळतो! गंमत म्हणजे गायगॅक्सला हा एका स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यावरून सुचला.
- ट्रोल (कमेंटमधला नव्हे!): प्रत्येक टर्नला त्याचे 10 एचपी भरून येतात. आग किंवा ॲसिड लावलं तरच एका टर्नपुरतं ते थांबतं. प्रश्न: तुम्ही आधी चौकशी करून आलात का?

असे पाच-सहा मॉन्स्टर पूर्ण कॅम्पेनला पुरतात.

पायरी 2: “हा इथे का आलाय?”

माझी खरी चूक ही होती. माझे मॉन्स्टर नुसते उभे होते, एकमेकांशी काही संबंधच नाही. आता मी शेवटापासून सुरुवात करतो.

समजा, डोंगरावर एक तरुण पांढरा ड्रॅगन येऊन बसला. त्याच्या भीतीने तिथला ट्रोल खाली उतरला आणि गॉब्लिनच्या गुहेत घुसला. बेघर झालेले गॉब्लिन रात्री गावाच्या धान्याच्या गाड्या लुटू लागले. रस्ता बंद पडला म्हणून गावकरी जुन्या खाणीतली वाट वापरायला गेले, तर तिथे रस्ट मॉन्स्टर!

खेळाडूंना हे सगळं उलट्या बाजूने कळतं. पहिल्या सेशनला फक्त चोर गॉब्लिन दिसतात. एखादा गॉब्लिन पकडला आणि तो रडत म्हणाला, “आमचं घर गेलं,” की गेम बदलतो. आता त्याला मारायचं, सोडायचं की सोबत घ्यायचं? ट्रोलला आग लागते हे तोच सांगू शकतो. म्हणजे पहिल्या सेशनमधली दया चौथ्या सेशनमध्ये कामी येते. खेळाडू पुढच्या आठवड्यात परत येतात ते अशा गोष्टींसाठी.

पायरी 3: गणित करा, पण आंधळेपणाने नको

प्रत्येक मॉन्स्टरला एक्सपी असतात. गॉब्लिनचे 50. लेव्हल 1 च्या चार खेळाडूंसाठी 200 म्हणजे मध्यम लढाई आणि 400 म्हणजे जीवघेणी. चार गॉब्लिनचे झाले 200. मग मध्यम? नाही! शत्रू 3 ते 6 असतील तर बेरीज दुप्पट धरायची. म्हणजे 400, थेट जीवघेणी. कारण साधं आहे: चार शत्रू म्हणजे दर फेरीत चार वार. गॉब्लिनचा एक फटका सरासरी 5 डॅमेज करतो आणि नवख्या जादूगाराकडे साधारण 6 ते 8 एचपी असतात. दोन फटके बसले की तो आडवा.

उलटंही होतं. तरुण पांढऱ्या ड्रॅगनचे एक्सपी 2300. लेव्हल 5 च्या चौघांसाठी कागदावर ही मध्यम लढाई. पण त्याचा एक थंड श्वास सरासरी 45 डॅमेज करतो. सगळे एका जागी उभे असतील तर अर्धी टीम एका झटक्यात खाली! म्हणून ड्रॅगन दिसण्याआधी गोठलेली झाडं, बर्फात थिजलेलं हरिण असं काहीतरी दाखवा. इशारा देऊनही ते घोळक्याने गेले तर ती त्यांची निवड.

पायरी 4: आकडे तेच, रूप आपलं

स्टॅट ब्लॉक तसाच ठेवून वर्णन बदलायचं, याला रीस्किनिंग म्हणतात. एसआरडीमध्ये राक्षस आधीच आहे, तोही वाघाच्या डोक्याचा! पण आपल्याकडचा मुंजा त्यात नाही. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला, पिंपळावर राहणारा मुलगा. त्याच्यासाठी ‘घोस्ट’चा स्टॅट ब्लॉक मस्त बसतो. तो माणसाच्या अंगात शिरू शकतो. आणि त्याला कायमचं घालवायची वाट तलवारीची नको, अडकलेली इच्छा पूर्ण करण्याची ठेवा. म्हणजे एक अख्खं सेशन मारामारीशिवाय रंगतं. आजीकडून ऐकलेली गोष्ट इथे कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडते.

सुरू करण्याआधी ही शीट बनवा

फोनवर एक स्प्रेडशीट उघडा आणि पाच कॉलम करा: मॉन्स्टर, त्याचा प्रश्न, तो इथे का आलाय, मारण्याशिवाय दुसरा मार्ग, आधी दिसणारी खूण. एखादी ओळ पूर्ण भरता येत नसेल तर तो मॉन्स्टर सध्या बाजूला ठेवा. आणि सगळं कॅम्पेन आधी लिहून काढू नका. पुढची दोन सेशन तयार असली की पुरे, बाकीचं खेळाडू स्वतःच बदलून टाकतात.

फासे नसतील तर गुगलवर ‘रोल डाईस’ शोधा, 20 बाजूंचा फासाही मिळेल.

ही शीट बनवून मी ग्रुपला परत मेसेज टाकला. “तलवार मारतो, चल पुढे” म्हणणाऱ्या मित्राने त्या पकडलेल्या गॉब्लिनचं नाव ‘बंड्या’ ठेवलंय आणि त्याला अजून मरू दिलेलं नाही. शनिवारचा कॉल पुन्हा सुरू आहे.

तुमच्या कॅम्पेनचा पहिला मॉन्स्टर कोण? आणि तो तिथे का आलाय? आज एवढंच ठरवा, सुरुवात झाली समजा!