जुने मधयंत्र घेताय? आधी पत्रा ओळखा

देऊळगाव राजा, सिंदखेड राजा भागात कांद्याचे बियाणे घेणाऱ्या शेतकऱ्यांना मधमाशीची महती नव्याने सांगायला नको. कांद्याच्या गोंड्यातल्या प्रत्येक फुलात पराग आधी पिकतो आणि स्त्रीकेसर मागून तयार होते. त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्यापर्यंत नेणारे कोणीतरी लागतेच. म्हणून पेट्या येतात. कोणी भाड्याने आणतो, कोणी दोन-चार स्वतःच्या घेतो. बियाणे भरते, पेटीत मधही साठतो आणि मग प्रश्न येतो तो मध काढायचा कसा.

पोळे पिळून मध काढायची आपली जुनी रीत आहे. आग्या मोहोळ झाडणाऱ्यांना दुसरा इलाज नसतो, पण पेटीतल्या पोळ्याला ती रीत लावू नका. एक किलो मेण तयार करायला माश्यांना सहा ते आठ किलो मध खावा लागतो, असा अंदाज आहे. पोळे पिळले की हे सगळे वाया गेले. यंत्रात चौकट फिरवली तर मध बाहेर फेकला जातो, पोळे शाबूत राहते आणि माश्या तेच पुन्हा भरतात. फ्रांझ ह्रुश्का नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८६५ साली ब्रनो येथील मधपाळांच्या सभेत ही युक्ती मांडली. तेव्हापासून यंत्राचे तत्त्व बदललेले नाही, म्हणूनच जुने यंत्रही नव्यासारखे चालू शकते.

पाच-दहा पेट्यांसाठी वर्षातून चार दिवस लागणारे नवे यंत्र घेणे अनेकांच्या जिवावर येते. मग जुने शोधले जाते. कधी बंद पडलेल्या संस्थेच्या गोदामात, कधी धंदा सोडलेल्या मधपाळाच्या माळ्यावर, कधी सरळ भंगारात ते सापडते. भंगारवाला म्हणतो, "पत्रा एकदम कडक आहे भाऊ, काई होत नाई त्याले." पत्रा कडक असेलही. प्रश्न तो कशाचा आहे हा आहे.

मध गोड लागतो, पण तो आम्लधर्मी असतो. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पक्के ठाऊक आहे. मधाचेही तसेच. जुनी यंत्रे बहुधा जस्ती पत्र्याची, आणि सांधे शिशाच्या डाखाने जोडलेले. मध त्यात मुरला की जस्त सुटते, आणि डाख शिशाचा असेल तर शिसेही सुटते. शिशाची चव लागत नाही, वास येत नाही. लहान मुलांच्या वाढीला आणि बुद्धीला ते घातक असते. तुमचा मध आधी तुमच्याच घरातली लेकरे चाटणार आहेत, हे विसरू नका.

म्हणून खरेदीला जाताना खिशात एक लोहचुंबक आणि पिशवीत पेटीची एक रिकामी चौकट घेऊन जा. चुंबक घट्ट चिकटला तर पत्रा लोखंडी, म्हणजे जस्ती किंवा कथिलाचा. चिकटला नाही तर बहुधा स्टेनलेस स्टील. मात्र स्टीलची प्रत चुंबक सांगत नाही. हलक्या प्रतीच्या स्टीललाही तो चिकटत नाही, तेव्हा आत गंजाचे ठिपके आहेत का ते डोळ्यांनी पाहा. सांध्यावर नखाने किंवा चाकूच्या टोकाने ओरखडा काढा. करडा, मऊ, चकचकीत धातू दिसला तर तो डाख शिशाचा आहे असे धरून चला.

चौकट कशासाठी? सातेरी माशीच्या पेटीची चौकट लहान असते, मेलिफेराची मोठी. तिची वरची पट्टी सुमारे १९ इंच भरते. सातेरीसाठी बनवलेले यंत्र मेलिफेराच्या मोठ्या चौकटीला उपयोगाचे नाही. चौकट पिंजऱ्यात घालून, झाकण लावून, एक फेरी फिरवून पाहा. ती ड्रमला घासली तर सौदा तिथेच संपवा.

आता दुरुस्तीचे. ड्रम जस्ती आणि डाखाचा निघाला तर तो वाचवण्याच्या नादी लागू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. काहीजण आतून मेणाचा थर देतात. तो थर खरवडला जातो, आणि कुठे खरवडला ते मध भरल्यावर दिसत नाही. साधा ऑइलपेंट तर मुळीच नको. दांडा, दातेरी चाके, हँडल आणि आडवी पट्टी चांगली असतील तर तेवढी ठेवा. तालुक्याच्या गावी स्टीलची भांडी, दुधाच्या टाक्या बनवणारा कारागीर असतो. त्याच्याकडून ३०४ प्रतीच्या स्टीलचा नवा ड्रम आर्गन वेल्डिंगने करून घ्या. जस्ती पत्र्यावर घरच्या घरी वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालवू नका. जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो, आणि डाखाच्या धुळीत शिसे असते. पिंजरा गंजलेल्या तारेचा असेल तर तोही स्टीलच्या सळ्यांचा करून घ्यावा. बेत ठरवण्याआधी मात्र कारागिराचा आकडा आणि नव्या यंत्राचा भाव शेजारी शेजारी लिहा. दुरुस्ती नव्याच्या निम्म्यापेक्षा वर गेली तर नवेच बरे.

ड्रम स्टीलचा असेल तर काम सोपे आहे. पहिल्यांदा गरम पाणी ओतू नका; जुने मेण सगळीकडे पसरून बसते. रात्रभर थंड पाण्यात भिजू द्या, मध आपोआप सुटतो. मेण लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, लोखंडी खुरपे लावू नका. नंतर धुण्याचा सोडा घातलेले कढत पाणी. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, त्यामुळे पाणी चांगले तापलेले पाहिजे. वर तरंगणारे मेण थंड झाल्यावर काढून घ्या, नालीत सोडू नका. नाली तुंबेल ती वेगळी आणि मेणाला पैसे आहेत ते वेगळे. अॅल्युमिनियमचा भाग असेल तर त्याला सोडा लावू नका, तो खराब होतो. हे सारे काम माश्यांपासून दूर, बंद खोलीत किंवा दिवेलागणीनंतर करा. उघड्यावर मधाचा वास सुटला की माश्या लुटीला येतात, आणि मग कमजोर पेटीवरही तुटून पडतात.

दातेरी चाके काढून वेगळी रॉकेलने धुवा, ड्रमपासून लांब. दात झिजून चाक मध्येच सटकत असेल तर जोडीच बदला. एकच बदलले तर नवे जुन्याला खाते. चाके ड्रमच्या डोक्यावर असतात, म्हणून तिथे ट्रॅक्टरचे ग्रीस चालत नाही. उन्हाळ्यात ते वितळून थेट मधात पडते. खाद्यपदार्थांच्या यंत्रांना लावायचे ग्रीस मागून घ्या आणि चाकांखाली स्टीलची एक छोटी ताटली बसवा. दांड्याचे खालचे टोक मधातच फिरते, तिथे काहीच लावायचे नाही.

तोटीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. नळाची साधी पितळी तोटी काढून टाका. तिच्या पितळेत शिसे असू शकते, शिवाय घट्ट मध त्यातून थेंब थेंब येतो. दीड इंची स्टीलची किंवा खाद्य दर्जाच्या प्लास्टिकची तोटी लावा. वॉशर सायकलच्या ट्यूबचा कापून लावू नका, मधाला रबराचा वास धरतो.

सगळे जोडून झाले की आधी पाण्याची चाचणी. रिकाम्या चौकटी बसवा, थोडे पाणी घाला, दहा मिनिटे फिरवा आणि पाणी पांढऱ्या फडक्यातून गाळा. फडक्यावर काळे कण किंवा तेलकट डाग आले तर पुन्हा उघडा.

मध काढताना चौकटीची तीन चतुर्थांश घरे मेणाने बंद झालेली असावीत. कच्च्या मधात पाणी जास्त राहते. कायद्याने मर्यादा २० टक्क्यांची आहे, आणि त्यावर गेलेला मध आंबतो. समोरासमोरच्या चौकटी सारख्या वजनाच्या लावा, नाहीतर यंत्र घरभर नाचते. सुरुवात सावकाश करा. वेग दुप्पट केला की जोर चौपट होतो आणि नवे पोळे फाटते. एक बाजू अर्धी काढा, चौकट उलटा, दुसरी बाजू पूर्ण काढा, मग पुन्हा पहिली.

चार-पाच शेतकऱ्यांनी किंवा बचत गटाने मिळून एकच यंत्र ठेवणे शहाणपणाचे आहे. फक्त एका शेतावरून दुसरीकडे नेताना ते दर वेळी धुतलेच पाहिजे. माश्यांचे काही रोग उरलेल्या मधातूनच दुसऱ्या पेटीत जातात.

ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींसाठीही एक सूचना. ग्रामपंचायतीच्या खोलीत असे यंत्र पडून असेल तर आधी नमुना १६ म्हणजे जडवस्तू नोंदवही पाहा. नोंद असेल तर निर्लेखनाचा ठराव झाल्याशिवाय ते कोणालाही देता येत नाही, दुरुस्तीला न्यायचे तरी पोच घेऊन न्या. ज्यांना नवेच घ्यायचे आहे त्यांनी राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मध केंद्र योजनेची चौकशी जिल्हा कार्यालयात करावी. योजनेत निम्मे अनुदान आणि निम्मी स्वतःची गुंतवणूक असते, आणि आधी प्रशिक्षण घ्यावे लागते. महाबळेश्वरचे मध संचालनालय याच मंडळाचे आहे.

हंगाम संपला की यंत्र धुऊन, उन्हात कोरडे करून, तोंडाला स्वच्छ कापड बांधून ठेवा. फवारणीची औषधे आणि युरियाची पोती ज्या खोलीत, त्या खोलीत मात्र नाही.