क्वार्टरबॅकची पारख (लंबगोल चेंडू : लेखांक ७)

२०१८ च्या ड्राफ्टची पहिली फेरी घेऊ. त्या एका रात्रीत पाच क्वार्टरबॅक निवडले गेले. पहिल्या क्रमांकावर क्लीव्हलँडने बेकर मेफिल्डला घेतले, तिसऱ्यावर न्यूयॉर्क जेट्सने सॅम डार्नल्डला, सातव्यावर बफलोने जॉश ॲलनला, दहाव्यावर ॲरिझोनाने जॉश रोझनला. फेरीतली अगदी शेवटची, बत्तिसावी निवड बॉल्टिमोरने लमार जॅक्सनसाठी वापरली. पुढे या पाचांपैकी दोघांना लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा किताब मिळाला: जॅक्सनला २०१९ आणि २०२३ मध्ये, ॲलनला २०२४ मध्ये. म्हणजे तिसरा आणि पाचवा. मेफिल्ड आणि डार्नल्ड यांचा जम बसला तो संघ बदलल्यावर. रोझनला तर ॲरिझोनाने वर्षभरातच मायामीला देऊन टाकले.

या पाच जणांवर प्रत्येक संघाचे स्काउट दोन-तीन वर्षे लक्ष ठेवून होते. त्यांचे सामने पाहिले गेले, हाडे-सांधे तपासले गेले, शाळेतल्या प्रशिक्षकांपर्यंत जाऊन चौकशा झाल्या. तरीही क्रम इतका चुकला. ड्राफ्टची रचना आपण मागच्या लेखांकांत पाहिली आहे. आज या एका जागेची पारख इतकी अवघड का, ते पाहू.

मुळात कॉलेजचा क्वार्टरबॅक आणि एनएफएलचा क्वार्टरबॅक यांच्यापुढचे काम वेगळे असते. मैदानाच्या लांबीला समांतर तुटक खुणांच्या दोन रांगा असतात, त्यांना हॅशमार्क म्हणतात. प्रत्येक डाव या दोन रांगांच्या दरम्यान किंवा त्यांपैकी एकीवरून सुरू होतो. कॉलेजात या रांगांमधले अंतर ४० फूट आहे, एनएफएलमध्ये साडेअठरा. त्यामुळे कॉलेजात चेंडू बरेचदा मैदानाच्या एका अंगाला असतो आणि दुसऱ्या अंगाला मोठे मोकळे रान पडते. तिथे वेगवान रिसीव्हर सोडला की एकच बचावपटू त्याच्यामागे धावत राहतो. एनएफएलमध्ये चेंडू जवळजवळ मध्यावरच असतो, आणि असे रान मिळत नाही.

दुसरा फरक नियमाचा. पुढे पास फेकला जाण्याआधी आघाडीचे अडवणारे खेळाडू कॉलेजात तीन यार्डांपर्यंत पुढे जाऊ शकतात, एनएफएलमध्ये फक्त एक यार्ड. ते पुढे घुसले की मागच्या बचावपटूंना वाटते, आता चेंडू घेऊन धावणार. एक बचावपटू पुढे धावून येतो आणि त्याने सोडलेल्या जागेत पास पडतो. अशा डावात क्वार्टरबॅकने एकाच माणसाकडे पाहायचे असते: तो पुढे आला तर पास, जागेवर थांबला तर चेंडू धावणाऱ्याच्या पोटाशी. हे काम कौशल्याचे आहे. पण रविवारी दुपारी एनएफएलच्या मैदानावर जे करावे लागते, त्याचा तो छोटासा तुकडा आहे.

तिसरा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कॉलेजातल्या अनेक संघांत डाव बाहेरून ठरतो. सगळे खेळाडू रांगेत उभे राहतात, मग मान वळवून बाजूच्या रेषेकडे पाहतात, तिथून २०२४ पर्यंत केवळ फलक आणि हातवारे यांनीच डाव कळवला जाई. बचावाची मांडणी प्रशिक्षकाने पाहिलेली असते, उत्तरही त्यानेच काढलेले असते. एनएफएलमध्ये १९९४ पासून क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात रेडिओ आहे, पण डाव सुरू करण्याच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद होतो. त्यानंतर क्वार्टरबॅक एकटा. दहा-बारा शब्दांचा डाव त्याने सहकाऱ्यांना सांगायचा, रांगेत उभे राहून समोरची मांडणी वाचायची, कोणी कोणाला अडवायचे ते गरज पडल्यास बदलायचे. हे सारे एखाद्या विद्यार्थ्याने कॉलेजात केलेलेच नसेल, तर तो ते करू शकेल की नाही याचा पुरावा स्काउटने आणायचा कुठून?

पुरावा मिळतो, पण थोडा, आणि तो शोधावा लागतो. प्रशिक्षकांसाठी वेगळे चित्रण होते, एक कॅमेरा बाजूने उंचावरून आणि एक गोलखांबाच्या मागून, ज्यात बावीसच्या बावीस खेळाडू दिसतात. जाणकार स्काउट त्यातून थर्ड डाऊनचे, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नातले, डाव वेगळे काढतो. समजा आठ यार्ड हवेत. म्हणजे पास येणार हे समोरच्यांनाही माहीत. चेंडू हातात येण्यापूर्वी दोन बचावपटू खोलवर उभे दिसतात. चेंडू हलताच त्यांतला एक झपाट्याने खाली येतो आणि चित्र बदलते. मुलाने हे पाहिले का? त्याचे डोके कोणत्या बाजूला वळले? पहिला रिसीव्हर झाकलेला आहे म्हटल्यावर तो दुसऱ्याकडे गेला, की पहिल्याकडेच बघत राहिला? आणि या सगळ्यात त्याचे पाय काय करत होते? नजर आणि पाय जोडीने चालले, एका रिसीव्हरवरून दुसऱ्याकडे जाताना टाचही त्या दिशेला वळली, तर फेक वेळेत निघते.

मग पॉकेट कोसळते. पॉकेट म्हणजे अडवणाऱ्यांनी त्याच्याभोवती धरलेली जागा. उजवीकडून कोणीतरी आत शिरला आहे. कॉलेजातला चपळ मुलगा अशा वेळी सरळ बाहेर पळतो, आणि कॉलेजात ते खपतेही, कारण पाठलाग करणारे त्याच्यापेक्षा हळू असतात. एनएफएलमध्ये पाठलाग करणारा अडीचशे पौंडांचा माणूस त्याच्याइतकाच वेगवान असतो. म्हणून स्काउट पाहतो ती एक छोटी गोष्ट: हा मुलगा नजर पुढे ठेवून एक पाऊल पुढच्या मोकळ्या जागेत सरकला का? धक्का बसणार हे माहीत असून पाय रोवून फेकला का? रिसीव्हर वळण्याआधीच चेंडू सुटला का? चेंडू हातात आल्यापासून हे सारे साधारण अडीच-पावणेतीन सेकंदांत संपते. एका हंगामात असे धडधडीत डाव हाताच्या बोटांवर नसले, तरी फार नसतात. विशेषतः मुलगा एखाद्या बलाढ्य कॉलेजात असेल तर. तिथे पॉकेट कोसळतच नाही.

आकडे इथे मदत करतात आणि फसवतातही. टेक्सास टेकमध्ये माइक लीच यांच्या पासप्रधान पद्धतीत क्वार्टरबॅक डोळे दिपवणारे आकडे काढत. बी. जे. सायमन्सने २००३ च्या एकाच हंगामात ५,८३३ यार्ड फेकले. ड्राफ्टमध्ये त्याला सातव्या फेरीत जागा मिळाली आणि एनएफएलच्या नियमित हंगामात तो कधी उतरला नाही. त्याच कॉलेजच्या ग्रॅहम हॅरलला २००९ मध्ये कोणी निवडलेच नाही. स्काउटांनी धडा घेतला की टेक्सास टेकचे यार्ड हे पद्धतीचे असतात, माणसाचे नसतात. हा धडा योग्यच होता. मग २०१७ मध्ये त्याच कॉलेजातून, त्याच जातीचे आकडे घेऊन पॅट्रिक महोम्स आला. २०१६ मध्ये ओक्लाहोमाविरुद्ध त्याने ७३४ यार्ड फेकले होते आणि तरी तो सामना ५९-६६ असा गमावला होता. २०१७ च्या त्या ड्राफ्टमध्ये शिकागोने एक जागा वर सरकून दुसऱ्या क्रमांकावर मिच ट्रुबिस्कीला घेतले, ज्याने कॉलेजात केवळ १३ सामन्यांत सुरुवातीपासून खेळ केला होता. महोम्स दहावा गेला. महोम्सच्या आकड्यांमागे माणूसही होता, हे ओळखायला आकडे बाजूला ठेवून एकेक फेक पाहावी लागत होती.

उलटे उदाहरण जो बरोचे. २०१८ मध्ये लुइझियाना स्टेटकडून त्याच्या पासची अचूकता ५८ टक्क्यांच्या आसपास होती. पुढच्या वर्षी ती ७६ टक्क्यांवर गेली आणि त्याने ६० टचडाउन पास फेकले. पद्धत बदलली होती, आणि रिसीव्हर होते जस्टिन जेफर्सन आणि जमार चेस. कोणी कोणाला मोठे केले, हा प्रश्न तेव्हा रास्त होता. सिनसिनाटीने चित्रण पाहून कौल दिला आणि दुसऱ्याच हंगामात बरो त्यांना सुपर बोलपर्यंत घेऊन गेला.

आकड्यांतला एक मात्र मी कधी सोडत नाही: किती सामने सुरुवातीपासून खेळला. प्रशिक्षक बिल पार्सेल्स यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या नियमांत तीन वर्षे मुख्य क्वार्टरबॅक आणि ३० सामने ही अट आहे. डेव्हिड लेविन यांनी मांडलेल्या अंदाजपद्धतीतही सामन्यांची संख्या आणि पासची अचूकता हेच दोन मुख्य आधार होते. यात जादू नाही. जास्त सामने म्हणजे स्काउटला पाहायला जास्त थर्ड डाऊन, आणि विरोधकांना त्या मुलाची खोड ओळखायला जास्त वेळ. ओळखल्यानंतरही तो टिकला, तर त्याला अर्थ आहे.

मोजमापांवर वर्तमानपत्रांची पाने भरतात. मी थोडक्यात आटोपतो. इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये ४० यार्डांची धाव, उंची, तळहाताची रुंदी सगळे मोजतात. टॉम ब्रेडीला ४० यार्डांना ५.२८ सेकंद लागले, २००० साली तो १९९ वा निवडला गेला, आणि त्याने सात सुपर बोल जिंकले. ड्रू ब्रीस सहा फुटांचा म्हणून दुसऱ्या फेरीत घसरला. सी. जे. स्ट्राउडचे एका आकलनचाचणीतले कमी गुण २०२३ च्या ड्राफ्टआधी बातम्यांत फुटले. पहिल्याच हंगामात त्याने २३ टचडाउन पास फेकले आणि फक्त ५ इंटरसेप्शन दिले. कॉलेजच्या आवारात भरणारे प्रो डे म्हणजे नेटमधली फलंदाजी. समोर कोणी नाही, डाव आधी पाठ केलेले, रिसीव्हर ओळखीचे. तिथली साठ यार्डांची फेक पाहून संघमालकांचे डोळे चमकतात, आणि पुष्कळदा नुकसानीची सुरुवात तिथेच होते.

एक गोष्ट मात्र थोडक्यात सांगून चालणार नाही. पारखणाऱ्याच्या मनात क्वार्टरबॅकची एक मूर्ती आधीच घडलेली असते, आणि अनेक दशके ती मूर्ती गोरी होती. वॉरन मून यांनी जानेवारी १९७८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाला रोझ बोल जिंकून दिला. एनएफएलमध्ये क्वार्टरबॅक म्हणून कोणी घेईल अशी चिन्हे दिसेनात, म्हणून ते कॅनडात एडमंटनला गेले आणि तिथे लागोपाठ पाच अजिंक्यपदे मिळवून सहा वर्षांनी ह्यूस्टनला आले. २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये पोहोचलेले ते पहिले कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. त्या रोझ बोलनंतर चाळीस वर्षांनी, कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन पुरस्कार मिळवलेल्या लमार जॅक्सनने रिसीव्हर व्हावे, असा जाहीर सल्ला बिल पोलियन यांनी दिला. पोलियन हे काही ऐरेगैरे नव्हेत. १९९८ मध्ये रायन लीफला बाजूला सारून पेटन मॅनिंगला निवडणारे तेच. इतक्या तयार डोळ्यालाही त्या वेळी दिसले ते जॅक्सनचे पाय. त्याने पॉकेटमध्ये उभे राहून केलेल्या फेका चित्रणात होत्या, पाहायच्या असत्या तर दिसल्या असत्या. २०१९ मध्ये त्याने लीगमध्ये सर्वाधिक ३६ टचडाउन पास फेकले आणि सर्वोत्तम खेळाडूसाठी एकूणएक मते त्याला पडली. पोलियन यांनी नंतर आपली चूक मान्य केली.

आता ॲलनकडे वळू, कारण सामने आणि अचूकता यांवर भर देणाऱ्या माझ्यासारख्यांना तो सर्वांत अडचणीचा आहे. वायोमिंगमध्ये त्याची अचूकता ५६ टक्के होती. बफलोत पहिल्या वर्षी ती ५२.८ टक्क्यांवर घसरली. म्हणजे शंका घेणारे बरोबर होते, आणखी एक वर्षभर तरी. पण बफलोने त्याला हलवले नाही. आक्रमणाचे प्रशिक्षक ब्रायन डेबॉल यांची पद्धत तीच राहिली, ॲलनने कंबर आणि पायांपासून आपली फेक पुन्हा बांधली, आघाडी सुधारली, २०२० मध्ये स्टेफॉन डिग्ज आला, आणि अचूकता ६९.२ टक्क्यांवर गेली. हाच मुलगा वर्षाला प्रशिक्षक बदलणाऱ्या संघाकडे गेला असता तर? रोझनच्या बाबतीत नेमके तेच झाले: एका हंगामानंतर प्रशिक्षक गेला, नवा आला, त्याने स्वतःचा क्वार्टरबॅक निवडला. म्हणून मला वाटते की ड्राफ्टच्या टेबलाशी बसलेल्यांनी पहिला प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. आपली आघाडी कशी आहे, पहिले वर्ष याला बसवून ठेवता येईल का, दोन वाईट हंगाम मालक सोसेल का? मॅनिंगने पहिल्या वर्षी २८ इंटरसेप्शन दिले आणि इंडियानापोलिस तेरा सामने हरले. त्यांनी ते सोसले.

आणि हे सगळे करूनही खात्री मिळत नाही. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी अनेक वर्षांचे ड्राफ्ट तपासले. एखाद्या जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेच्या पुढच्या निवडीपेक्षा सरस ठरण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा किंचितच जास्त निघाली. संघ मात्र वर सरकण्यासाठी मोजतात ती किंमत जवळजवळ खात्री असल्यासारखी.

सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ मध्ये बाराव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर सरकण्यासाठी मायामीला ती बारावी निवड आणि पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी दिल्या, शिवाय तिसऱ्या फेरीची एक. त्या बदल्यात आला ट्रे लान्स: तगडा खांदा, वेगवान पाय, आणि नॉर्थ डकोटा स्टेटकडून सुरुवातीपासून खेळलेले अवघे १७ सामने. पुढच्याच वर्षी त्याच प्रशिक्षकांनी ड्राफ्टची अगदी शेवटची, २६२ वी निवड ब्रॉक पर्डीसाठी वापरली. आयोवा स्टेटमध्ये चार हंगाम खेळलेला, खांदा बेताचा, उंची बेताची. लान्स जखमी झाला, मग जिमी गॅरोपोलो जखमी झाला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये पर्डी मैदानात उतरला. २०२३ च्या उन्हाळ्यात लान्सला चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात डॅलसला पाठवण्यात आले, आणि त्या हंगामाच्या सुपर बोलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोकडून पर्डी खेळला. प्रशिक्षक कायल शानहान यांच्या आक्रमणात चेंडू वेळेवर आणि ठरल्या जागी सुटावा लागतो. पर्डीच्या चार वर्षांच्या चित्रणात ते होते, आणि ते पाहण्याची संधी बत्तीस संघांना सात फेऱ्यांत पुन्हा पुन्हा मिळाली होती.

(पुढील लेखांक : आघाडीचे पाच अडवणारे, आणि डाव्या टॅकलला इतके पैसे का मिळतात)